काचेवरील वाफेचा इतिहास



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शालेय शिक्षण नववीत थांबले; पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि आपल्या गावच्या वाचनालयात. तेव्हा आम्ही संप, बोनस किंवा महागाई यांवर बोलू अशी आपली अपेक्षा असल्यास नवल नाही. पण आज आम्ही एका खेळाविषयी बोलणार आहोत. रंगाने भरलेल्या गोळ्या एकमेकांवर झाडावयाच्या, असा तो खेळ आहे. त्याला पेंटबॉल म्हणतात. हा खेळ खेळताना तोंडावर जो मुखवटा चढवितात, त्याच्या काचेवर वाफ धरू नये आणि चष्मा लागणाऱ्या खेळाडूलाही आतून स्वच्छ दिसावे, यासाठी माणसांनी काय काय केले, हा आमचा विषय आहे.

विषय ऐकून काहींना हसू आले असेल. त्यांना आम्ही २०२० सालची आठवण करून देतो. त्या साली आपण सर्वांनी नाकातोंडाला पट्टी बांधली. ज्यांना चष्मा नव्हता त्यांना केवळ गुदमरल्यासारखे झाले. ज्यांना चष्मा होता ते अर्धे आंधळे झाले. भाजी घेताना, जिना उतरताना, रस्ता ओलांडताना चष्म्यावर वाफ धरे. मग आपण काय केले? कोणी पट्टी नाकाखाली ओढली, कोणी चष्माच खिशात घातला. जे साधन रक्षणासाठी दिले होते, ते दिसत नाही म्हणून आपणच बाजूला सारले. तो आपला हट्ट नव्हता. माणसाला पुढचे दिसेनासे झाले की प्रथम तो दिसण्याची सोय पाहतो, रक्षणाचा विचार मागाहून करतो. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे पुढचा सारा इतिहास समजावयास सोपा जाईल.

आम्हांला ही गोष्ट फार उशिरा कळली. १९९६ साली आम्ही एका फौंड्रीत कामाला होतो आणि कामगारांच्या समितीवर नुकतेच निवडून आलो होतो. फेटलिंग खात्यात एक वडीलधारे ग्राइंडर होते. सारे खाते त्यांना मामा म्हणे. कास्टिंगवरचा जादा भाग घासून काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलेले, म्हणजे चाळिशी लागलेली. जवळचे बारीक काम चष्म्याशिवाय दिसत नसे. कारखान्याने दिलेला गॉगल चष्म्यावर बसत नसे, आणि नुसता गॉगल घातला तर घासावयाची रेघ दिसत नसे. म्हणून मामा चष्म्यावरच गॉगल कसाबसा दाबून बसवीत. त्यात दोन्ही काचांवर वाफ धरे, घाम उतरे. दर पाच-दहा मिनिटांनी ते गॉगल कपाळावर सरकवीत, चष्मा सदऱ्याला पुसत आणि पुन्हा कामाला लागत. अशाच एका क्षणी शेजारच्या चाकाचा तुकडा उडाला आणि मामांचा उजवा डोळा गेला.

चौकशी झाली. अहवालात एकच ओळ महत्त्वाची होती: अपघातसमयी कामगाराने गॉगल डोळ्यांवर घातला नव्हता, सबब कामगाराची निष्काळजी. समितीचे प्रतिनिधी म्हणून त्या कागदावर आमचीही सही आहे. आम्हांला कोणी धाक घातला नव्हता. गॉगल कपाळावर होता ही गोष्ट खरी होती, आणि ती खरी आहे म्हणून आम्ही सही केली. गॉगल कपाळावर का होता, हा प्रश्न त्या दिवशी आमच्या मनातही आला नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा शोधलेले उत्तर आहे.

आता मुळात वाफ का धरते, ते पाहू. उन्हाळ्यात माठातल्या गार पाण्याने फुलपात्र भरले की थोड्या वेळात ते बाहेरून ओले होते. पाणी आतून पाझरत नाही. हवेत जी अदृश्य वाफ असते, ती गार धातूला लागून थिजते. काचेचेही तसेच. आपला श्वास आणि घाम यांमुळे मुखवट्याच्या आतली हवा उबदार आणि दमट होते. काच बाहेरच्या हवेने गार असते. त्या गार काचेवर वाफेचे हजारो सूक्ष्म थेंब बसतात, प्रत्येक थेंब प्रकाश वेडावाकडा फोडतो आणि सारे पांढुरके दिसते. यावरून उपायही चारच संभवतात. दमट हवा बाहेर काढावयाची. काच गार होऊ द्यावयाची नाही. ओल शोषून घेणारे काही काचेला लावावयाचे. अथवा थेंब थेंब न राहता पाण्याचा एकसारखा पातळ पडदा व्हावा अशी योजना करावयाची. शेवटचे काम साबण करतो. समुद्रात बुडी मारणारे लोक काचेला आतून थुंकी चोळतात, तिचाही हेतू तोच.

यांपैकी काही उपाय मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते युद्धात. १९१५ साली पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा मोठा प्रयोग झाला आणि लाखो सैनिकांना मुखवटे द्यावे लागले. मुखवट्याच्या काचा धुरकटल्या की सैनिक आंधळा होई. मुखवटा काढला तर मरे. येथे निष्काळजीचा शेरा मारून भागण्यासारखे नव्हते, कारण आंधळे सैन्य सेनापतीला परवडत नाही. तेव्हा प्रत्येक राष्ट्राने आपापली युक्ती काढली. काही मुखवट्यांत कापडाला अशी घडी ठेवली होती की बाहेरून बोट घालून काच आतून पुसता यावी. जर्मनांनी जिलेटिनचा थर दिलेल्या सेल्युलॉइडच्या चकत्या काचेच्या आत बसविल्या; जिलेटिन ओल शोषून घेई. फ्रान्समध्ये तिसो नावाच्या शास्त्रज्ञाने सर्वांत टिकाऊ युक्ती काढली. आत येणारी कोरडी हवा प्रथम काचांवरून फिरवावयाची आणि मग नाकाकडे न्यावयाची, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक काच आपोआप साफ व्हावी. हे तत्त्व पुढच्या काळातील मुखवट्यांतही टिकून राहिले.

चष्मा लागणाऱ्या सैनिकांचा प्रश्न वेगळाच होता. चष्म्याच्या काड्या कानावर जातात. त्या मुखवट्याच्या कडेखालून गेल्या की तेथे फट पडते आणि फटीतून वायू शिरतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने यासाठी सपाट, पातळ काड्यांचे खास चष्मे दिले. जर्मनांनी काड्याच काढून टाकून कापडी पट्ट्यांचे चष्मे केले. श्रोत्यांनी येथे एक गोष्ट पाहावी. डोळे अधू म्हणून त्या सैनिकाला कोणी दोष दिला नाही. त्याच्या नंबरची काच मुखवट्याच्या आत कशी बसवावयाची, हा सरकारने स्वतःचा प्रश्न मानला.

युद्धानंतर हा प्रश्न बर्फावर घसरण्याच्या खेळात पुढे आला. अमेरिकेतील बॉब स्मिथ हे दात सरळ करणारे दंतवैद्य. त्यांना बर्फात घसरण्याचा नाद होता, आणि गॉगलवर वाफ धरल्याने ऐन चांगल्या दिवशी खेळ बंद पडे. १९६५ साली त्यांनी घरीच खटपट करून दोन भिंगांचा गॉगल तयार केला. दोन भिंगांच्या मध्ये हवा कोंडलेली, कडा पक्क्या बंद, आणि हवा खेळण्यासाठी वरखाली सच्छिद्र स्पंज. थंडीत एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरींत ऊब अधिक राहते, तेच हे तत्त्व. बाहेरचे भिंग गार झाले तरी आतले उबदार राहते, आणि उबदार काचेवर वाफ धरत नाही.

पुढच्याच वर्षी हा प्रश्न पृथ्वीबाहेर गेला. ५ जून १९६६ रोजी जेमिनी-९ यानातून युजीन सर्नन हा अंतराळवीर बाहेर पडला. त्याचे काम अपेक्षेपेक्षा फार श्रमाचे ठरले. पोशाखाची थंडावा राखणारी व्यवस्था पुरी पडेना, आणि शिरस्त्राणाची काच आतून संपूर्ण धुरकटली. पुसावयाची कशी? हात बाहेर, काच आत. त्याने नाकाचा शेंडा काचेला घासून दिसण्यापुरते भोक पाडले. दोन तासांहून थोडा अधिक वेळ तो बाहेर होता. काम अर्धे टाकून त्याला परत यावे लागले. यानंतर पुढच्या उड्डाणांत काचेला आतून वाफरोधक द्रव लावण्याची पद्धत आली. अमेरिकन अंतराळ संस्थेने या कामासाठी बनविलेल्या एका मिश्रणात मुख्यतः धुण्याचा द्रव साबण, शुद्ध पाणी आणि प्राणवायूत पेट न घेणारे तेल होते. अंतराळवीरापर्यंत जाऊनही उपाय साबणाचाच! आणि सर्ननला कोणी बेफिकीर म्हटले नाही. मोठमोठे इंजिनिअर त्याच्या काचेचा विचार करीत बसले.

आता मूळ खेळाकडे येऊ. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील नेल्सन पेंट कंपनीने एक पिस्तूल विकावयास काढले होते. कोणते झाड तोडावयाचे, कोणते जनावर निवडावयाचे, यावर लांबून रंगाची खूण करणे हे त्याचे काम. म्हणजे तेही मुळात कामगाराचे अवजारच. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर या गावाजवळच्या रानात बारा माणसे ही पिस्तुले घेऊन उतरली. लेखक चार्ल्स गेन्स, शेअर दलाल हेज नोएल आणि दुकानदार बॉब गर्न्सी यांनी हा डाव मांडला होता. रानात राखलेली निशाणे गोळा करून जो बाहेर पडेल तो विजयी. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा वनकाम करणारा गडी, आणि तोही एकही गोळी न झाडता! त्या दिवशी खेळाडूंनी डोळ्यांवर घातले होते ते कारखान्यात, सुतारशाळेत वापरतात तसले साधे गॉगल. खेळाने आपली पहिली ढाल कामगारापासून उसनी घेतली. तिच्याबरोबर वाफही आली.

हा खेळ आता गंमत म्हणून सोडून देण्यासारखा राहिला नाही. त्यातली गोळी सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची, वजनाला सुमारे ३ ग्रॅम. वेगाची रूढ मर्यादा सेकंदाला ३०० फूट. आपल्या डोळ्याची खोबण सुमारे ४० मिलिमीटर रुंद असते. मोठा चेंडू आदळला तर कपाळाचे आणि गालाचे हाड बराच मार सोसते. ही गोळी मात्र हाडाला न लागता सरळ बुबुळावर जाते. ज्यांनी लहानपणी विटीचा मार पाहिला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. डोळ्यात रक्त साकळणे, मागचा पडदा सुटणे, मोतीबिंदू होणे अशा इजा डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविल्या. त्यांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट आढळली. बहुतेक जखमी माणसांच्या डोळ्यांवर त्या क्षणी संरक्षण नव्हते. आणि त्यांतील काहींनी ते वाफ किंवा रंग पुसावयासाठी नुकतेच काढलेले होते.

ही ओळ प्रथम वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बसलो. ही आमच्या मामांचीच हकीकत होती.

पण त्या खेळाच्या धंद्याने पुढे जे केले, ते आमच्या चौकशीत झाले नव्हते. त्यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. नियम कडक केला: मैदानात मुखवटा निघता कामा नये, काढावयाचा असेल तर जाळीपलीकडच्या राखीव जागेत जा, कोणाचा मुखवटा निसटला तर पंचाने तेथल्या तेथे खेळ थांबवावा. आणि त्याच वेळी मुखवटा असा केला की तो काढावासा वाटू नये. मोटारसायकलच्या शर्यतींसाठी गॉगल करणारी जे. टी. ही कंपनी या खेळात उतरली. तोंड, कान, हनुवटी झाकणारे मुखवटे आले. १९५३ साली जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे शोधलेले पॉलिकार्बोनेट हे चिवट प्लॅस्टिक भिंगासाठी वापरात आले. ते मारा सोसते, काचेसारखे फुटत नाही. बर्फावरच्या खेळातले दुहेरी भिंग आले. श्वास खालच्या भोकांतून बाहेर जावा आणि डोळ्यांकडे चढू नये म्हणून मध्ये स्पंजाची भिंत आली. काही मुखवट्यांवर बॅटरीचा चिमुकला पंखा बसला. पुढे अमेरिकेच्या मानक संस्थेने या मुखवट्यांसाठी स्वतंत्र मानकही ठरविले.

राहिला चष्मेवाला खेळाडू. त्याच्यासाठी दोन वाटा निघाल्या. एक, मुखवटाच आतून खोल करावयाचा आणि स्पंजाला काड्यांपुरती खाच ठेवावयाची, म्हणजे चष्म्यासकट तो चढावा. ही वाट स्वस्त आहे. पण काड्या कानामागे रुततात आणि चष्मा घसरला तर आत हात घालता येत नाही. दुसरी वाट सैन्यातल्या मुखवट्यांची. बिनकाड्यांची एक छोटी चौकट मुखवट्याच्या आतच बसवावयाची आणि चष्मेवाल्याकडून आपल्या नंबरची भिंगे तिच्यात घालून घ्यावयाची. काड्या नसल्याने कडेचा स्पंज तोंडाला सर्वत्र सारखा टेकतो. मात्र यात एक मेख आहे. बाहेरचे दुहेरी भिंग वाफेपासून सुरक्षित असले, तरी आतल्या चौकटीच्या भिंगांना दोन नव्या बाजू असतात आणि त्या दोन्ही दमट हवेत असतात. तेव्हा त्यांना वाफरोधक लेप द्यावा लागतो, हवा खेळती ठेवावी लागते. शिवाय ही भिंगेही काचेची चालत नाहीत. तीही चिवट प्लॅस्टिकचीच हवीत. आणि पॉलिकार्बोनेटला चरे लवकर पडतात, अॅसिटोनसारख्या द्रवाने ते आतून तडकते. म्हणून ते सदऱ्याच्या टोकाने नव्हे, पाण्याने धुवून मऊ फडक्याने टिपावे लागते.

हे सारे आम्हांला कसे कळले, असे कोणी विचारील. आमच्या कचेरीत हिशेब पाहणारा एक तरुण आहे. जाड भिंगाचा चष्मा लावतो. मित्रांबरोबर तो सह्याद्रीच्या घाटातल्या एका विश्रामस्थळी गेला असता हा खेळ खेळून आला. सोमवारी येऊन आम्हांला म्हणाला, "काका, तिथं मुखवटा काढला तर खेळाबाहेर काढतात. पण मला चष्म्यावर बसणारा मुखवटा आधी शोधून दिला, आणि काच आतून पुसूनही दिली." त्याने सहज सांगितले, पण आमच्या डोक्यात ते बसले. अर्ध्या दिवसाच्या करमणुकीसाठी जे मिळते, ते तीस वर्षांच्या नोकरीत का मिळू नये?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या पस्तिसाव्या कलमात, जेथे कण उडून डोळ्याला इजा होण्याचा संभव आहे अशा कामासाठी आडपडदे किंवा 'योग्य' गॉगल पुरविण्याची तरतूद होती. तो 'योग्य' शब्द आम्ही कित्येकदा वाचला आणि कित्येकदा त्यावरून पुढे गेलो. योग्य म्हणजे कोणाला योग्य? कपाटात ठेवावयास योग्य, की चाळिशी लागलेल्या माणसाच्या नाकावर आठ तास राहण्यास योग्य? दुसरीकडे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका डोळ्याची दृष्टी गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरले होते. गेलेल्या डोळ्याचा टक्का छापून ठेवला होता; तो राखणाऱ्या काचेवर वाफ धरते की नाही, हे पाहण्याचे मात्र आम्हांला सुचले नव्हते.

त्यानंतर एका कारखान्याच्या करारात आम्ही पगारवाढीच्या मागणीबरोबर तीन साध्या मागण्या घातल्या. ग्राइंडरवरील प्रत्येकाचे डोळे दरवर्षी तपासावे. ज्याला नंबर आहे त्याला नंबरच्या भिंगांचा गॉगल किंवा आत बसणारी चौकट द्यावी. आणि गॉगल खरेदी करण्यापूर्वी तीन प्रकारचे नमुने कामगारांनी आठवडाभर वापरून पाहावेत. व्यवस्थापनाचे म्हणणे खर्चाचे होते. आमच्याच काही सभासदांचे म्हणणे असे की पगाराचे आधी बोला, काचेचे मागाहून बघू. अखेर पहिली आणि तिसरी मागणी मान्य झाली. दुसरी अर्धी मान्य झाली. भिंगांचा निम्मा खर्च कामगाराकडे राहिला. हा विजय आम्ही मानीत नाही. पण निवडून घेतलेले गॉगल आल्यावर त्या खात्यात आम्ही गेलो, तेव्हा कपाळावर गॉगल असलेली माणसे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी दिसली. सुपरवायझर तोच होता, पाट्या त्याच होत्या आणि माणसेही तीच होती.

श्रोतेहो, हाच या इतिहासाचा बोध आम्हांला वाटतो. सैनिक असो, बर्फावरचा खेळाडू असो, अंतराळवीर असो की रंगाच्या गोळ्या मारणारा पोर असो, काच धुरकटली की प्रत्येकाने तीच गोष्ट केली: पुसावयाला हात नेला. त्यांच्या बाबतीत शहाण्या माणसांनी काच बदलली. कामगाराच्या बाबतीत पुष्कळदा शेरा लिहिला गेला, आणि एका शेऱ्याखाली आमची सही आहे.

गेल्या वर्षी आम्ही मामांच्या गावी गेलो होतो. आता ते पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. हा सारा इतिहास त्यांना सांगितला, त्या सहीचेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सही केलीस ते मला तेव्हाच ठाऊक होतं रे. पण कुणी एकदा विचारायला पाहिजे होतं, मामा, तुम्हांला त्यातनं दिसतं का?"

आपणांपैकी अनेकांच्या घरची माणसे गिरणीत, गॅरेजात, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करतात. आज घरी गेल्यावर त्यांना एवढाच प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे. तो आम्ही विचारला नव्हता.